तारण, खंडणी आणि दरबार : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील राजत्वाची संकल्पना

१

१८९३ साली नारायण वामन तिलक नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने निघाले होते. नोकरीच्या शोधात असलेल्या या तरुण कवीला त्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याच्याशी काव्य आणि धर्म या विषयांवर संभाषण झाले आणि निरोप घेताना त्याने तिलकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली. दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत तिलकांचा बाप्तिस्मा झाला. हा प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. लक्ष्मीबाई तिलकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे तिलकांच्या धर्मांतराची कौटुंबिक बाजूही सर्वज्ञात झाली आहे. परंतु ज्या ठिकाणी तिलक चालले होते, त्या ठिकाणाकडे वाङ्मयेतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. राजनांदगाव हे एक संस्थान होते आणि त्या संस्थानच्या गादीवर बसणाऱ्या राजाची पदवी 'महंत' अशी होती.

तिलक ज्या लोहमार्गाने गेले, तो राजनांदगावपासून पुढे दुर्गमार्गे रायपूरकडे जातो. आज याच मार्गावर दुर्ग–भिलाई हे जोडशहर वसलेले आहे. १९५५ च्या भारत–सोव्हिएत करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि मोहन नगरसारख्या वसाहतींतून छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, बंगाली व मल्याळी भाषक कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. केरळातून आलेल्या कामगारांबरोबर संत थॉमसच्या परंपरेतील चर्चेही येथे आली. या परिसरातील मराठी माणसाचा इतिहास मात्र पोलादापेक्षा जुना आहे. तो भोसल्यांच्या स्वाऱ्यांपासून सुरू होतो, आणि त्या इतिहासाने मराठी भाषेला दिलेले काही शब्द पुढे ख्रिस्ती धर्मविचाराच्या कामी आले.

ख्रिस्ती धर्मविचारातील राजत्व, नेतृत्व आणि उद्धार या तीन संकल्पना मराठीत कोणत्या शब्दांनी आल्या, त्या शब्दांना आधीचा कोणता राजकीय व आर्थिक अर्थ होता, आणि त्या अर्थाने मूळ संकल्पनेला कोणते वळण दिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. 'तारण', 'खंडणी' आणि 'दरबार' या तीन शब्दांभोवती ही चर्चा केंद्रित केली आहे.

२

बायबलमधील राजत्वाची कल्पना एकसंध नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. जुन्या करारात राजसंस्थेविषयी एक खोल संशय वावरतो. शास्त्यांच्या ग्रंथात गिदोन राज्यपद नाकारतो. त्याच ग्रंथात योथाम एक रूपककथा सांगतो. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल ही उपयुक्त झाडे राजा होण्यास नकार देतात आणि अखेर काटेरी झुडूप ते पद स्वीकारते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात वडीलमंडळी इतर राष्ट्रांप्रमाणे आपल्यालाही राजा हवा असा आग्रह धरतात. तेव्हा राजा तुमची मुले रथांसाठी नेईल, शेते घेईल आणि धान्याचा दशांश वसूल करील, असा इशारा शमुवेल देतो. तरीही राजा दिला जातो. दाविदाच्या घराण्याला दिलेले वचन आणि राजांवरील संदेष्ट्यांची कठोर टीका या दोहोंच्या ताणातून 'अभिषिक्त' या पदाची अपेक्षा जन्मास येते. येणाऱ्या राजाला जखऱ्या गाढवावर बसलेला पाहतो.

नव्या करारात हा ताण आणखी तीव्र होतो. येशूच्या उपदेशाचा केंद्रबिंदू 'देवाचे राज्य' हा आहे. परंतु लोक आपल्याला बळाने राजा करू पाहतात हे जाणून तो डोंगरावर निघून जातो. शिष्यांत श्रेष्ठत्वावरून वाद होतो तेव्हा परराष्ट्रीयांचे अधिपती जसे सत्ता गाजवतात तसे तुमच्यात नसावे, जो मोठा होऊ इच्छितो त्याने सेवक व्हावे, असे तो सांगतो. वधस्तंभावर त्याच्या डोक्याशी 'राजा' ही पाटी लागते ती उपहासाने, आणि ख्रिस्ती श्रद्धा तो उपहासच सत्य मानते. थोडक्यात, ज्या राजाचा मुकुट काट्यांचा आहे अशा राजाची ही कल्पना आहे. ती दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतरकाराला 'राजा' हा शब्द तर वापरावा लागतो, पण त्या शब्दाची प्रचलित प्रतिष्ठा उलटीही करावी लागते. ही अडचण मराठीत कशी सोडवली गेली, हा येथील प्रश्न आहे.

३

या प्रश्नाला मराठीत पहिला मोठा प्रतिसाद गोव्यात मिळाला. इंग्लंडमधून आलेला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास पोहोचला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टी प्रांतात राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीपासून मसीहाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आणि दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र अशी दोन भागांत विभागलेली ही सुमारे अकरा हजार ओव्यांची रचना आहे. १६४९ आणि १६५४ साली तिच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यास ती पुन्हा प्रकाशात आणली.

स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला, मोक्ष आणि मुक्ती हे शब्द घेतले, आणि ओवी व पुराण ही रूपेही घेतली. या स्वीकारामागे भाषेवरील प्रेम होते, तसेच श्रोत्यांची गरजही होती. साष्टीतील नवख्रिस्ती माणसाला जुनी पुराणे ऐकण्याची सवय होती आणि ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली होती. रिकाम्या झालेल्या त्या जागी हे पुराण आले. परंतु राजत्वाच्या दृष्टीने पाहता या ग्रंथाची परिस्थिती विलक्षण आहे. धर्मप्रसाराचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या आश्रयदात्याच्या हक्कातून येत होता आणि १५८० पासून ते राजपद स्पेनच्या राजाकडेच होते. म्हणजे ज्या राजाला मुकुट नको होता त्याची कथा एका दूरस्थ मुकुटाच्या आश्रयाने सांगितली जात होती.

या विसंगतीचा परिणाम पुढे भाषेवरच झाला. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारे फर्मान काढले आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. फर्मान पूर्णपणे अमलात आले नाही. 'क्रिस्तपुराण' घराघरांतून व चर्चांतून गायिले जात राहिले. तरी ज्या सत्तेच्या छायेत मराठीतले पहिले ख्रिस्ती महाकाव्य छापले गेले, तीच सत्ता अडुसष्ट वर्षांनी त्या भाषेच्या विरोधात उभी राहिली, ही नोंद महत्त्वाची आहे. उद्धाराची भाषा आणि राज्याची भाषा एकच असण्यातला धोका मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या पहिल्या शतकातच दिसून आला होता.

४

दुसरा टप्पा एकोणिसाव्या शतकातील बायबल-भाषांतरांचा. विल्यम कॅरी याने श्रीरामपूर येथे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये आणि मोडी लिपीतील नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला साहाय्य करणारे वैजनाथशास्त्री कानफाडे हे नागपूरचे होते. मराठी गद्याच्या छापील इतिहासातील हा आरंभ नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील एका पंडिताच्या भाषाज्ञानावर उभा आहे. त्यानंतर मुंबईतील अमेरिकन मराठी मिशन व बायबल सोसायटी यांच्या प्रयत्नांतून भाषांतरे वारंवार सुधारली गेली आणि हळूहळू एक पारिभाषिक शब्दसंग्रह स्थिरावला. या संग्रहातील दोन शब्द येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

पहिला 'तारण'. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत येशू हा 'तारणारा' आहे आणि त्याने साधलेला उद्धार म्हणजे 'तारण'. तारणे म्हणजे बुडत्याला पैलतीरी नेणे. हा अर्थ संतवाङ्मयातील भवसागराच्या प्रतिमेशी सहज जुळतो. पण मराठी व्यवहारात 'तारण' याचा आणखी एक रोजचा अर्थ आहे, तो म्हणजे कर्जासाठी सावकाराकडे ठेवलेली वस्तू किंवा जमीन. 'उद्धार' या शब्दाचीही अशीच दुहेरी वाट आहे. मराठीतील 'उधार' हा त्याच संस्कृत शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज होय. योगायोगाने बायबलमधील मूळ संकल्पनाही व्यवहारातूनच आलेली आहे. हिब्रू परंपरेत 'सोडवणारा' म्हणजे कुळाची गहाण पडलेली जमीन किंवा कर्जापायी दास झालेला नातलग परत सोडवून घेणारा निकटचा आप्त. रूथच्या पुस्तकात बवाज हे काम करतो. म्हणजे 'तारण' शब्दाच्या सावकारी अर्थामुळे मराठी वाचक मूळ कल्पनेपासून दूर न जाता तिच्या जवळच जातो. संस्कृतप्रचुर 'मोक्ष' या शब्दाने जे साधले नसते ते शेतकऱ्याच्या परिचयाच्या या शब्दाने साधले.

दुसरा शब्द 'खंडणी'. मार्काच्या शुभवर्तमानात मनुष्याचा पुत्र सेवा करून घेण्यास नव्हे तर करण्यास आला, आणि पुष्कळांसाठी आपला जीव देण्यास आला, असा जो प्रसिद्ध विचार आहे, त्यातील 'सोडवणुकीचे मोल' या अर्थाच्या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने 'खंडणी' हा शब्द योजला. मूळ शब्द युद्धकैदी किंवा गुलाम सोडवण्यासाठी भरायच्या रकमेचा वाचक आहे. मराठीत 'खंडणी' म्हणजे विजेत्याने जिंकलेल्याकडून किंवा बलवंताने दुर्बलाकडून घ्यावयाचा पैसा. मराठ्यांच्या इतिहासात हा शब्द राज्यविस्ताराशी अतूटपणे जोडलेला आहे. छत्तीसगढात तर त्याला प्रत्यक्ष स्मृती आहे. १७४१ साली रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरच्या हैहयवंशी राजावर चाल केली. वृद्ध राजा रघुनाथसिंह प्रतिकार न करता शरण गेला आणि शहराकडून एक लाख रुपये वसूल करण्यात आल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरांत आहे. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्यानंतर सुभेदारांची राजवट आली, आणि जमीनदारांकडून 'टकोळी' घेण्याची पद्धत इंग्रजी अमलापर्यंत चालू राहिली.

अशा भाषिक पार्श्वभूमीवर 'खंडणी' हा शब्द वधस्तंभाच्या संदर्भात येतो तेव्हा त्याची दिशा उलटते. राजा हा खंडणी घेणारा असतो, आणि येथे राजाच खंडणी भरतो, तीही स्वतःच्या प्राणांची. भाषांतरकारांनी हा विरोधाभास जाणीवपूर्वक साधला असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी उपलब्ध शब्दांतील त्यातल्या त्यात जवळचा शब्द उचलला असावा. परंतु शब्द आपला इतिहास बरोबर घेऊन येतो. मराठेशाहीच्या स्मृतीत वाढलेल्या वाचकाला या एका शब्दाने ख्रिस्ती राजत्वातील उलटापालट जितकी स्पष्ट होते, तितकी ती दीर्घ धर्मव्याख्यानानेही होणार नाही.

५

आता राजनांदगावकडे परत यावे. या संस्थानाचा मूळ पुरुष प्रह्लाददास हा पंजाबातून शालींच्या व्यापारासाठी अठराव्या शतकात रतनपुरास आलेला वैष्णव बैरागी होता. बिंबाजी भोसल्यांच्या काळात त्याच्या मठाचा उत्कर्ष झाला. मठाची गादी गुरूकडून शिष्याकडे जात असे, महंत ब्रह्मचारी असत, आणि व्यापाराबरोबर सावकारीही चालत असे. आसपासच्या जमीनदारांनी कर्जापोटी तारण ठेवलेले आणि न सुटलेले परगणे मठाच्या ताब्यात येत गेले, आणि अशा रीतीने बैराग्याची झोळी हळूहळू राज्य झाली. १८६५ साली इंग्रज सरकारने महंत घासीदास यांना मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता दिली. पुढे गुरु-शिष्य परंपरेची जागा पिता-पुत्र वारसाने घेतली आणि घासीदासांचे पुत्र बलरामदास यांना राजा ही पदवी मिळाली. त्यांच्याच कारकिर्दीत राजनांदगावात कापडगिरणी उभी राहिली, जी नंतर बंगाल–नागपूर कॉटन मिल्स या नावाने प्रसिद्धीस आली. तिलक नोकरीच्या निमित्ताने राजनांदगावास गेले ते याच कारकिर्दीत.

मराठी मनात संन्यास आणि राज्य यांच्या संबंधाची एक सुप्रतिष्ठित आख्यायिका आहे. शिवछत्रपतींनी राज्य रामदासांच्या झोळीत टाकले आणि समर्थांनी ते विश्वस्ताच्या नात्याने चालविण्यासाठी परत दिले, ही ती कथा. तिच्या ऐतिहासिकतेविषयी संशोधकांत तीव्र मतभेद आहेत. परंतु आदर्श म्हणून तिचे सामर्थ्य वादातीत आहे. राजनांदगावात या कथेची उलटी आवृत्ती प्रत्यक्षात आली होती. तेथे झोळीत आलेले राज्य परत दिले गेले नाही. त्यागाची वस्त्रे आणि राजदंड एकाच हाती आले, आणि तेही न सुटलेल्या तारणाच्या मार्गाने. तिलकांच्या मनात ही तुलना उभी राहिली होती असे येथे सुचवायचे नाही. चरित्रात जे घडले आणि शब्दांत जे साठले त्यांची एका ठिकाणी भेट झाली, एवढेच ध्यानात घ्यायचे आहे. 'तारण' या शब्दाचा एक अर्थ ज्या भूमीवर राज्य म्हणून उभा होता, तेथे एक मराठी कवी त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थाच्या शोधात डोंगरावरील प्रवचन वाचत होता.

ख्रिस्ती मिशनही या प्रदेशात सत्तेच्या प्रश्नापासून अलिप्त नव्हते. १८६८ साली जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर हे छत्तीसगढात आले आणि सतनामी समाजात काम करू लागले. घासीदासांनी प्रवर्तित केलेल्या सतनामपंथाने मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारले होते. त्यांचे पुत्र बालकदास यांनी हत्ती, तलवार यांसारखी राजचिन्हे धारण केल्याची परंपरा पंथात सांगितली जाते. १८६० मध्ये त्यांचा खून झाला. अंकिताने राजचिन्ह धारण करणे हे केवढे मोठे आव्हान समजले जात होते, हे या घटनेवरून दिसते. लोर यांनी पडीक जमीन घेऊन बिश्रामपूर हे गाव वसवले आणि मिशनच त्या गावाचे मालगुजार झाले. सौरभ दुबे यांनी आपल्या संशोधनात दाखविल्याप्रमाणे, तेथे धर्मोपदेशक हा एकाच वेळी पाळक, जमीनमालक आणि न्यायनिवाडा करणारा असे. नवख्रिस्ती कुटुंब त्याला 'माय-बाप' म्हणून संबोधत असे आणि त्याच्या अधिकाराशी झगडतही असे. जातीच्या दास्यातून सुटलेला माणूस मिशनची रयत झाला, तर त्याचे तारण झाले की केवळ तारण एका सावकाराकडून दुसऱ्याकडे गेले, हा प्रश्न मराठी–छत्तीसगढी ख्रिस्ती इतिहासाच्या मुळाशी आहे.

६

ख्रिस्ती राजत्वाचा अर्थ लावणारे सर्वच जण ख्रिस्ती नव्हते. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये येशूचा निर्देश पाश्चात्त्य देशांतील बळीराजा असा केला आहे. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. बायबलशी त्यांचा परिचय होता, तथापि त्यांनी धर्मांतर केले नाही. त्यांनी केलेले हे समीकरण तौलनिक साहित्याच्या दृष्टीने असाधारण आहे. स्टीफन्सने ख्रिस्ताला पुराणाच्या भाषेत आणले होते. फुल्यांनी पुराणाचेच वाचन उलटे करून त्यातील पराभूत राजाला ख्रिस्ताच्या शेजारी बसवले. बळी हा दान देताना फसवला गेलेला, पाताळात घातलेला, तरी प्रजेच्या मनात जिवंत असलेला राजा. त्याचे राज्य पुन्हा येवो अशी इच्छा मराठी घरांतून दरवर्षी बोलून दाखवली जाते. देवाचे राज्य येवो ही ख्रिस्ती प्रार्थना त्या इच्छेच्या कानाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. दोन्ही ठिकाणी राज्य हे भूतकाळातील वैभव नसून येणे बाकी असलेला न्याय आहे.

मात्र दोहोंत एक भेदही आहे. बळीची कथा राज्य हिरावून घेतल्याची आहे, तर ख्रिस्ताची कथा स्वतःहून रिक्त होण्याची आहे. फुल्यांना पहिली अधिक महत्त्वाची वाटली, कारण ज्यांच्यापाशी सोडण्याजोगे काही उरलेलेच नाही त्यांना त्यागाचा उपदेश करणे हे त्यांच्या दृष्टीने अन्यायाला साहाय्य करण्यासारखे होते. हा आक्षेप गंभीर आहे, आणि तिलकांच्या पुढील वाटचालीचे मूल्यमापन करताना तो विसरता येत नाही.

७

बाप्तिस्म्यानंतर तिलकांचे आयुष्य मुख्यतः अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात गेले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. शेकडो पदे आणि अभंग त्यांनी उपासनेसाठी रचले. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी व मित्र ज्यात एकत्र येतील असा बंधुसंघ त्यांना अभिप्रेत होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग दोन वर्षांतच पोरका झाला.

या संस्थेच्या नावाकडे आणि स्थानाकडे एकत्र पाहिले पाहिजे. 'चर्च', 'मंडळी', 'आश्रम' हे शब्द उपलब्ध असताना तिलकांनी 'दरबार' हा शब्द निवडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दावर इंग्रज सत्तेने आपली मुद्रा उमटवली होती. १८७७, १९०३ आणि १९११ या साली दिल्लीस भरलेल्या दरबारांत हिंदी संस्थानिक मांडलिक म्हणून हजर झाले होते, आणि आसनाचा क्रम व तोफांच्या सलामीची संख्या यांवरून प्रत्येकाची प्रतिष्ठा मोजली जात होती. सातारा हे तर छत्रपतींच्या गादीचे स्थान. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करण्यात आले. १८४८ मध्ये शहाजी महाराजांच्या निधनानंतर दत्तकपुत्राचा वारसा नाकारून डलहौसीने राज्य खालसा केले. नागपूरचे राज्यही त्याच धोरणाने १८५४ मध्ये गेले. म्हणजे तिलकांच्या आध्यात्मिक प्रवासाची तीन स्थळे एका अर्थाने तीन सिंहासनांची स्थळे आहेत. नागपुरास सिंहासन रिकामे झालेले होते, राजनांदगावास ते संन्याशाच्या वंशाकडे होते आणि साताऱ्यास पुन्हा रिकामे होते. या शेवटच्या ठिकाणी, सज्जनगडाच्या सान्निध्यात, त्यांनी असा दरबार मांडला की ज्यात आसनांचा क्रम नाही.

या कृतीचा दुसरा रोख मिशनच्या नेतृत्वाकडे होता. १९१० च्या एडिंबरो परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडून दातृत्वापेक्षा मैत्रीची अपेक्षा व्यक्त केली होती. १९१२ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले हिंदी बिशप झाले. २० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. राज्यात आणि चर्चमध्ये एकच प्रश्न एकाच वेळी विचारला जात होता : अधिकार कोणाच्या हाती असावा? तिलकांनी मिशनकडे पद मागितले नाही. पगाराची आणि पदाची चौकटच त्यांनी सोडली. मिशनची रयत न होता ख्रिस्ताचा दरबारी होता येते हे त्यांना दाखवायचे होते.

याच सुमारास युरोपात रोमानोव्ह, हॅब्सबर्ग आणि होहेन्झोलर्न ही राजघराणी १९१७–१८ या दोन वर्षांत कोसळली. त्यानंतर १९२५ मध्ये अकराव्या पोप पायस यांनी 'ख्रिस्तराजा'चा सण कॅथलिक पंचांगात प्रविष्ट केला. दोन्ही घटनांत साम्य आहे. पृथ्वीवरील गाद्या रिकाम्या झाल्यावर ख्रिस्ताच्या राजत्वाचा उच्चार पुन्हा बळाने होतो. पण युरोपात हा उच्चार धर्मनिरपेक्ष राष्ट्रराज्याच्या दाव्यांना मर्यादा घालण्यासाठी झाला. महाराष्ट्रात तो परकीय साम्राज्य आणि परकीय मिशन या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या एका धर्मांतरित ब्राह्मण कवीने केला. म्हणून तिलकांच्या दरबारात राजाच्या वैभवापेक्षा राजाच्या मित्रत्वावर भर आहे.

तथापि फुल्यांचा आक्षेप येथे लागू होतोच. पगार सोडणे ज्याला शक्य होते, ज्याच्या त्यागाकडे समाज आदराने पाहत होता, अशा माणसाचा हा मार्ग होता. बिश्रामपूरच्या रयतेला किंवा अहमदनगर जिल्ह्यातील महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांना सोडण्याजोगी अशी प्रतिष्ठा नव्हती. संन्याशाचे रूप धारण करणाऱ्या नेतृत्वात जुन्या उच्चवर्णीय आदर्शाची छाया राहते, हे अमान्य करता येत नाही.

८

हा आक्षेप काही अंशी दोन स्त्रियांच्या कार्यात उत्तर पावतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेले सर्व निमूटपणे मानण्यास त्यांनी नकार दिला, आणि हा वाद त्यांच्या पत्रव्यवहारात नमूद आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात फिरल्या आणि सुमारे तीनशे मुलींना पुण्याकडे घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे उभ्या राहिलेल्या संस्थेला त्यांनी 'मुक्ती' हे नाव दिले. ज्या शब्दाचा अर्थ शतकानुशतके जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असा होता, तो येथे उपासमारीतून आणि विक्रीतून सुटका या अर्थाने उच्चारला गेला. हिब्रू परंपरेतील 'सोडवणाऱ्या आप्ता'ची कल्पना मराठीत इतक्या शब्दशः क्वचितच अवतरली असेल. अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले सोप्या मराठीतील बायबल-भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

दुसऱ्या लक्ष्मीबाई तिलक. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार पाच वर्षे दुभंगला आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिलकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुमारे अकरा अध्यायांवर थांबले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठीतील या ख्रिस्ती राजकथेचा फार मोठा भाग, ज्यात उपदेश, दुःखसहन आणि वधस्तंभ येतात, तो शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एका स्त्रीने लिहिला. दरबार कवीबरोबर संपला. काव्य मात्र ज्या व्यक्तीला त्या दरबारात मानाचे आसन नव्हते तिच्या हातून पुरे झाले.

९

या विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की मराठीतील ख्रिस्ती राजत्वाचा विचार धर्मशास्त्रीय ग्रंथांपेक्षा शब्दांच्या निवडीत अधिक घडला. 'वैकुंठ' या शब्दाने त्याला पुराणाचे सातत्य दिले, 'तारण' आणि 'खंडणी' या शब्दांनी सावकार आणि स्वारीवीर यांच्या जगातील अनुभव दिला, 'दरबार' या शब्दाने रिकाम्या सिंहासनाची स्मृती दिली. दुसरा निष्कर्ष असा की प्रत्येक टप्प्यावर राजत्वाची प्रतिमा प्रत्यक्ष सत्तेच्या आश्रयाला गेली तेव्हा ती दुर्बल झाली. गोव्यात राजाश्रयाने आणि बिश्रामपुरात मालगुजारीने तिचा अर्थ झाकोळला. ती सत्तेपासून दूर गेली तेव्हा तिला भाषिक आणि नैतिक तेज आले. तिसरा निष्कर्ष नेतृत्वाविषयीचा आहे. सेवक-राजाचा आदर्श त्यागी नेत्याला सोपा आणि वंचिताला अवघड असतो. म्हणून त्या आदर्शाची कसोटी नेत्याने काय सोडले यावर न लागता कोण सुटले यावर लागते.

राजनांदगावच्या महंतांचे राज्य १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाले. भोसल्यांची खंडणी, मठाची सावकारी आणि मिशनची मालगुजारी आता इतिहासजमा झाली आहे. परंतु दुर्ग–भिलाईच्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी माणसाला बँकेत जाऊन घरासाठी कर्ज काढताना आजही 'तारण' हाच शब्द वापरावा लागतो. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात ऐकू येणे, हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने भाषेला दिलेले देणे आहे.